दैवाचा वाटा

रस्त्यावरील अपघातात कोणी तरुण दगावला म्हणजे भंडारा जिल्ह्यातील कोणत्याही गावी, मग ते साकोलीकडचे असो की तुमसरकडचे, चार माणसे ओसरीवर टेकल्याबरोबर त्याची वेळच भरली होती, असे कोणीतरी म्हणतेच. शोकाने खचलेल्या आईला धीर देण्यासाठी हे वाक्य उच्चारले जाते तोवर त्याला हरकत घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु तेच वाक्य जेव्हा अपघाताच्या आधी, डोक्यावर हेल्मेट नसताना, मागचे लायनर झिजलेले असताना आणि आरसे काढून घरातल्या फळीवर ठेवलेले असताना, "काही होत नाही जी, व्हायचे ते होणारच" अशा रूपाने ऐकू येते, तेव्हा ते ईश्वरावरील श्रद्धेचे लक्षण राहत नाही. श्रद्धेच्या नावाने केलेली ती हयगय असते. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत शेकडा ४४.५ दुचाकीवरची होती, आणि हेल्मेट न घातलेले मयत ५०,०२९ होते. इतक्या सगळ्यांची वेळ दैवाने एकट्यानेच भरली, असे म्हणणे हा दैवावरही अन्याय आहे. म्हणून मोटारसायकलस्वाराच्या जीवनमरणात दैवाचा वाटा नेमका किती, हा प्रश्न धर्मविचाराच्या कसोटीवरच तपासून पाहावा असे मला वाटते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण दैवाचा उल्लेख पहिल्या चारांची गणना पूर्ण झाल्यावर येतो. दोनच श्लोक पुढे, केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची बुद्धी संस्कारहीन होय, असेही तेथे बजावले आहे. म्हणजे महामार्गावर भरधाव जाताना साऱ्या सृष्टीवर आपलाच अंमल आहे असे मानणारा उन्मत्त तरुण आणि आपला कशावरच अंमल नाही असे मानणारा उदासीन गृहस्थ, हे दोघेही या विचाराच्या दृष्टीने सारखेच चुकलेले आहेत. दैव म्हणजे काय, याविषयी आचार्यांत मतभेद आहे. शंकराचार्य डोळ्याला साहाय्य करणाऱ्या आदित्यासारख्या, इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवतांकडे बोट दाखवतात, तर रामानुजाचार्य अंतर्यामी परमात्म्याकडे. परंतु यांपैकी कोणताही अर्थ स्वीकारला तरी पहिल्या चार कारणांकडे सोपवलेले काम पाचव्याच्या माथी मारण्यास आधार मिळत नाही.

ही चार कारणे गाडीपाशी उभे राहून मोजता येतात. अधिष्ठान म्हणजे देह. आणि त्या देहातील सर्वांत नाजूक भाग ज्या कवटीत आहे तिच्या रक्षणासाठी हेल्मेटच्या कठीण कवचाखाली जो थर्मोकोलसारखा जाड थर असतो, तो आघाताच्या क्षणी स्वतः चिरडला जातो आणि मेंदूपर्यंत पोहोचणारा धक्का सौम्य करतो, म्हणूनच एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी निकामी समजावे, आणि पट्टा न बांधलेले हेल्मेट पहिल्या उसळीलाच डोक्यावरून निघून जाते हे ध्यानात ठेवावे. कर्ता म्हणजे चालवणारा. तो झोपेने पेंगुळलेला, दारू प्यालेला किंवा परवान्याशिवाय बसलेला नसावा, याविषयी अधिक काही लिहिण्याची गरज नाही. करण म्हणजे मुळात इंद्रिये, परंतु त्यांचाच विस्तार म्हणून हाताखालचे यंत्र तेथे धरण्यास हरकत नसावी: बोटाने दाबली असता साधारण २० ते ३० मिलिमीटर हलणारी, तेल दिलेली चेन, योग्य हवा भरलेले टायर, वेळेवर बदललेले ऑइल, आणि दाबताच पकडणारे ब्रेक. चौथी चेष्टा. वेग दुप्पट झाला की गाडी थांबण्यासाठी लागणारे ब्रेकचे अंतर चौपट होते, हा सृष्टीचा नियम कोणाच्याही जन्मपत्रिकेने बदलत नाही. आणि ब्रेक लावताच बराचसा भार पुढच्या चाकावर येतो म्हणून कोरड्या, सरळ रस्त्यावर पुढचाच ब्रेक अधिक कामाचा असतो, तरीही गाडी उलटेल या भयाने आपल्याकडील कितीतरी माणसे आयुष्यभर केवळ पायाने ब्रेक लावीत राहतात.

अपघातानंतर पोलीस जो पंचनामा करतात त्यात रस्त्याची रुंदी, चाके घसरल्याच्या खुणा, वाहनांची स्थिती अशा गोष्टी नोंदल्या जातात आणि फिर्यादीत हयगय, बेदरकारपणा हे शब्द येतात. दैवासाठी त्या दस्तऐवजात रकाना नसतो. पुष्कळांना ही सरकारी कागदाची रुक्षता वाटते. मला मात्र त्यात गीतेचाच क्रम दिसतो, कारण पहिल्या चार कारणांचा हिशेब पुरा केल्याखेरीज पाचव्याकडे वळण्याची मुभा त्या कागदाला नाही.

तरीही एक आक्षेप उरतो आणि तो खरा आहे. सर्व काळजी घेणारा माणूसही मरतो. धानाच्या कापणीनंतर, दिवाळीपाठोपाठ झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार किंवा नाटक असते, आणि ते पाहून परतणारा एखादा इसम, हेल्मेट घातलेला, बेताच्या वेगाने चाललेला, लाखांदूरच्या वाटेवर अंधारात उभ्या असलेल्या, तणसाने भरलेल्या, मागे ना दिवा ना परावर्तक असलेल्या ट्रॉलीवर जाऊन आदळतो. त्याने आपली चारही कारणे चोख बजावली होती. मग हे दैव नव्हे तर काय? होय, त्याच्यासाठी ते दैवच. परंतु ज्याने ती ट्रॉली तेथे उभी केली त्याच्यासाठी ती चेष्टा होती, त्याची स्वतःची, आणि एक लाल कापड किंवा एक परावर्तक पट्टी लावून ती टाळता आली असती. येथे या साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे असे मी मानतो. ज्याला आपण दैव म्हणून हात जोडतो त्याचा फार मोठा भाग इतरांनी अपुऱ्या सोडलेल्या कर्तव्यांचा बनलेला असतो. आणि त्याच न्यायाने माझ्या गाडीचे झिजलेले लायनर हे लाखनीच्या चौकात रस्ता ओलांडणाऱ्या, मला कधीही न भेटलेल्या एखाद्या बालकाचे दैव असते. स्वतःच्या जिवाविषयी विरक्त होण्याचा हक्क एखाद्याला असेलही. दुसऱ्याचे दैव बिघडवण्याचा हक्क कोणत्याही शास्त्राने कोणाला दिलेला नाही. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो, तो दिवसा चालवणाऱ्याला दिसावे म्हणून नव्हे, समोरच्याला तो दिसावा म्हणून. आदित्याने डोळ्यावर करावयाच्या अनुग्रहात मनुष्यानेही आपला वाटा उचलल्याचे हे उदाहरण आहे.

आता पूजेविषयी. दसऱ्याला भंडाऱ्यात काय किंवा मोहाडी-पवनीत काय, दारोदार मोटारसायकली धुतल्या जातात, त्यांना हळदकुंकू लागते, झेंडूची माळ पडते, नारळ फुटतो, आणि धानाच्या चुकाऱ्यातून नवी गाडी घरी आली की चाकाखाली लिंबू ठेवले जाते. यंत्राची पूजा ही अंधश्रद्धा आहे असे म्हणणाऱ्यांत मी नाही. ज्या साधनावर घर चालते त्याच्यापुढे वर्षातून एकदा नम्र होणे मनुष्याला शोभतेच. माझी खंत निराळी आहे, आणि ती पोळ्याकडे पाहिले म्हणजे अधिक स्पष्ट होते. बैलाची पूजा पोळ्याच्या दिवशी होते, परंतु तिचा आरंभ आदल्या दिवशीच्या खांदशेकणीपासून होतो. वर्षभर जुवाखाली घासून कठीण झालेला, क्वचित सोललेला खांदा तूप-हळद लावून मळला आणि शेकला जातो, त्याला उद्याच्या जेवणाचे आवतण दिले जाते, आणि पोळ्याच्या दिवशी जू त्याच्या मानेला लागत नाही. झूल, बेगड, तोरण हे सारे त्यानंतर. आपल्या पूर्वजांनी पूजेत सेवेला असे अग्रस्थान दिले होते, आणि दुखरी जागा कोणती हे ओळखल्यावाचून ती पूजा पुरी होत नव्हती. बैल गेला आणि त्याच्या जागी गाडी आली तेव्हा माळ, कुंकू आणि नारळ तिच्याकडे चालत आले. खांदशेकणी मात्र मागेच राहिली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, गाडी मिस्तरीकडे नेऊन "भाऊ, लायनर उघडून पाहा, चेन पाहा, मागचा दिवा लागतो का पाहा" असे सांगणे हा माझ्या मते पूजेचाच विधी ठरावा, आणि माळ दिव्यावरून न घालता बाजूला बांधली जावी.

या जिल्ह्याला दैवाचा आधार न घेता हाच विचार सांगणारी दुसरीही एक जुनी परंपरा आहे. पवनी येथे नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व विभाग यांनी १९६९-७० साली केलेल्या उत्खननात जगन्नाथ मंदिर आणि सुलेमान टेकडी या ठिकाणी प्राचीन स्तूपांचे अवशेष सापडले; म्हणजे वैनगंगेच्या काठी दोन हजार वर्षांपूर्वीच बुद्धवचन पोहोचलेले होते. धम्मपदाचा दुसरा वग्ग संपूर्णपणे अप्रमादाला, म्हणजे अखंड सावधपणाला वाहिलेला आहे, आणि महापरिनिब्बान सुत्तानुसार तथागतांच्या अखेरच्या उपदेशातही भर याच गुणावर आहे. वळणावर, पुलावर, कोका अभयारण्याच्या कडेने रानडुक्कर आडवे येण्याच्या वेळी, ज्या चित्ताची आवश्यकता असते ते हेच. आणि ध्यानासाठी आसन घालून बसावयास ज्याला सवड नाही त्याला वरठीच्या कारखान्यात किंवा चिखल्याच्या मँगनीज खाणीवर पाळीला जाता-येतानाचा रोजचा प्रवास हीच साधना करता येते, मात्र त्या वेळी कानाशी फोन नसावा.

दुसऱ्याचे दैव घडवण्याची एक संधी अपघात होऊन गेल्यावरही मिळते. नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर पडलेल्या जखमीजवळून पोलिसी चौकशीच्या भयाने गाडी पुढे दामटणारी माणसे निर्दय नसतात; त्यांना साक्षीच्या फेऱ्यांची धास्ती असते. ती धास्ती आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम मान्य केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले, त्यानुसार सद्हेतूने मदत करणाऱ्यावर जखमीच्या इजेबद्दल किंवा मृत्यूबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. तेव्हा थांबावे, १०८ क्रमांकाला फोन करावा, मागून येणाऱ्या वाहनांना दुरून दिसेल अशी खूण करावी, जखमीची मान वळवू नये, आणि श्वास अडत नसेल तर त्याचे हेल्मेट ओढून काढू नये.