गुहेचं दार कुणी लावलं?

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत भाऊबीज उलटली की मंडईचे दिवस सुरू होतात. धानाची कापणी उरकत आलेली असते, गावोगाव पाहुणे उतरतात आणि रात्र दंडारीला किंवा नाटकाला दिलेली असते. ऐंशीच्या दशकात या रात्रींमध्ये आणखी एक गोष्ट आली: व्हिडिओ. शहरातून भाड्यानं रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणायचा, वर्गणी काढायची आणि एका रात्रीत तीन पिक्चर बघायचे. हे तेव्हा महाराष्ट्रभर चालत होतं. तिसरा पिक्चर लागेपर्यंत लहान मुलं झोपलेली असायची, आणि त्या वेळेला हमखास रामसे बंधूंचं भूत बाहेर यायचं.

त्या कॅसेटची एक खूण होती. जो प्रसंग लोकांनी पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिलेला असे, नेमका तिथेच पडदा खरखरायचा, पांढऱ्या रेघा धावायच्या, आवाज बसायचा. म्हणजे भूत सगळ्यांत जास्त पाहिलं गेलं आणि म्हणून सगळ्यांत कमी दिसलं.

‘बंद दरवाजा’ हा या घराण्याचा १९९० सालचा चित्रपट. दिग्दर्शक तुलसी आणि श्याम रामसे. वडील फत्तेचंद रामसे फाळणीनंतर मुंबईत आलेले, आणि सातही भावांनी कामं वाटून घेतलेली: कुमार पटकथा लिहायचे, गंगू कॅमेरा सांभाळायचे, किरण आवाज, अर्जुन संकलन. १९७२ च्या ‘दो गज ज़मीन के नीचे’साठी त्यांनी महाबळेश्वर गाठलं, विश्रामगृहात मुक्काम ठोकला आणि मोजक्या माणसांत, मोजक्या पैशांत चित्रपट पुरा केला. पुढे १९८४ च्या ‘पुराना मंदिर’नं तुफान धंदा केला, तरी जाणकारांच्या लेखी हा माल दुय्यमच राहिला. १९९३ मध्ये ‘झी हॉरर शो’ घेऊन रामसे टीव्हीवर गेले आणि ‘बंद दरवाजा’ विस्मरणात पडला. त्याला पुन्हा उजेडात आणलं ते परदेशातल्या एका छोट्या कंपनीनं. जगभरचे विचित्र, उपेक्षित चित्रपट शोधणाऱ्या ‘मोंडो मकाब्रो’नं २००६ मध्ये तो ‘पुराना मंदिर’सोबत डीव्हीडीवर काढला आणि २०२३ मध्ये रामसेंच्या सहा चित्रपटांच्या ब्ल्यू-रे संचात घेतला.

आता रेघा नाहीत. काळ्या पहाडीतली गुहा, लाल-निळे दिवे, नेवला नावाचा सैतान झालेल्या अजय अगरवालचा उंचापुरा देह, सगळं लख्ख दिसतं. आणि असं लख्ख दिसू लागलं की भीतीच्या जागी एक प्रश्न उभा राहतो. या चित्रपटात सैतान नेमका कशामुळे सैतान आहे?

कथेचा आरंभ पाहावा. ठाकुराच्या बायकोला मूल नाही. घराण्याला वारस हवा. घरची नोकराणी महुआ (अरुणा इराणी) तिला वाट दाखवते: काळ्या पहाडीवर जा, तिथला मालक कूस उजवेल. अट एकच. मुलगा झाला तर तुझा, मुलगी झाली तर त्याची. ती बाई जाते. मुलगी होते. ते तान्हं बाळ हातात आल्यावर मात्र आई कबूल केलेली अट मोडते, बाळ द्यायला नकार देते आणि त्यापायी जिवाला मुकते.

यातली काळी पहाडी, गुहा आणि मूर्ती बाजूला ठेवली तर उरतो तो एक नवस. मूल होत नाही म्हणून डोंगर चढणारी, गुहेतल्या देवापुढे पदर पसरणारी बाई महाराष्ट्राला अनोळखी नाही. आपल्या निम्म्या देवस्थानांच्या कथा तिच्यापासूनच सुरू होतात. मग तीच बाई, तोच डोंगर, तेच मागणं असताना एका ठिकाणी हात जोडले जातात आणि दुसऱ्या ठिकाणी पार्श्वसंगीत किंचाळतं, हे कसं?

या प्रश्नाला गोंदिया जिल्ह्यात एक खरीखुरी गुहा उत्तर देते.

सालेकसा तालुक्यात, दरेकसाजवळच्या डोंगरात कचारगड आहे. माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची यात्रा भरते. छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातून माणसं येतात, पिवळे दुपट्टे, तोंडात ‘जय सेवा’. ही गुहा त्यांच्या धर्माचं, कोया पुनेमचं, उगमस्थान. कथा सांगते की कली कंकालीची मुलं या गुहेत कोंडली गेली होती आणि दाराशी प्रचंड शिळा होती. पारी कुपार लिंगोनं त्यांच्या सुटकेचा ध्यास घेतला. हिरासुका पाटालीर या गायकानं असं वाजवलं-गायलं की आतल्या मुलांच्या अंगात बळ आलं, शिळा ढकलली गेली, आणि त्याच शिळेखाली गायक चिरडला गेला. पोरक्या पोरांना पदराखाली घेणारी जंगो रायतार त्यांची आई ठरली.

डोंगर, काळोखी गुहा, नावातच ‘कंकाली’ असलेली माता, कोंडलेली मुलं आणि अक्षरशः बंद दरवाजा. रामसेंच्या कला-दिग्दर्शकाला यातलं काहीही बदलावं लागलं नसतं. तरी इथे येणाऱ्या माणसाला भीती वाटत नाही. तो माहेरी आल्यासारखा येतो.

या कथेचा एक जुना पाठ नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपून ठेवला होता. त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये तो छापला. त्या गीतात गोंडांना गुहेत कोंडतो तो खुद्द महादेव, आणि दाराशी राखण करतो भस्मासुर. ‘पुराना मंदिर’मध्ये सामरी या सैतानाला आवरून धरणारं त्रिशूळ ज्या देवाचं, तोच देव दुसऱ्याच्या आठवणीत दार लावणारा आहे. यात कुणाचा अवमान नाही. ज्यांना कोंडलं गेलं त्यांनी आपली बाजू गाऊन जपली, एवढंच.

देव आणि दैत्य यांची अशी अदलाबदल जगाच्या धर्मेतिहासात ठायी ठायी दिसते. ऋग्वेदात वरुणाला ‘असुर’ म्हणतात ते गौरवानं. नंतर तोच शब्द दैत्यांना लागला. शेजारच्या इराणात उलटं झालं: ‘अहुर’ परमेश्वर ठरला आणि ‘देव’ म्हणजे राक्षस. आपल्याकडे दामोदर धर्मानंद कोसंबींनी शेंदूर लावलेल्या म्हसोबाचा संबंध महिषासुराशी जोडला. गोष्टींमध्ये भुतांचा राजा असलेला वेताळ कोकणात आणि गोव्यात गावाची राखण करतो. त्याच्या कौलाशिवाय शुभकार्याला हात लागत नाही, अशी गावं आजही आहेत.

मग सगळं सापेक्षच का? ज्याचा त्याचा देव, ज्याचं त्याचं भूत, असं म्हणून मोकळं व्हावं का? तसं होता येत नाही, कारण भूत ठरवण्याची किंमत कुणीतरी जिवंत माणूस मोजतो. पूर्व विदर्भातल्या गावांमध्ये एखाद्या बाईनं करणी केली असा बोभाटा झाला की तिला मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या बातम्या येत राहिल्या. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळानं मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत एक बारीक नोंद आहे. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्रानं जनावरांचं दूध आटवते, ती सैतानाचा अवतार आहे, असं जाहीर करून तिचं जगणं कठीण करणं हा गुन्हा. कायदा भूत आहे की नाही या वादात शिरत नाही. माणसाला भूत ठरवणाऱ्याला तो पकडतो.

या नजरेनं ‘बंद दरवाजा’ पुन्हा पाहिला की त्यातली दोन प्रकारची भीती वेगळी काढावी लागते. गुहेतला काळोख, तांत्रिक, डोंगरावरचे काळे भक्त ही चित्रपटानं उसनी घेतलेली भीती आहे. रानातल्या, आदिवासी, ‘आपल्यातल्या नसलेल्या’ माणसांविषयी शहरानं बाळगलेला तो जुना संशय आहे, आणि कचारगडची वाट चढणाऱ्याला तो अन्यायच वाटणार. पण त्या अटीतली भीती उसनी नाही. मुलगा तुमचा, मुलगी माझी, हे वाक्य नेवल्याच्या आधी हवेलीतच बोललं गेलेलं असतं. वारसासाठी बाईला पहाडीपर्यंत ढकलणारं घर नसतं तर नेवल्याला गिऱ्हाईक मिळालं नसतं. जो देव मागणाऱ्याकडून लेकरू घेतो तो सैतान, मग तो गुहेत राहो की संगमरवरी देव्हाऱ्यात. हे रामसेंनी मुद्दाम मांडलं असेल असं नाही. त्यांना लोकांना घाबरवायचं होतं, आणि लोक खरोखर कशाला घाबरतात याचा माग काढताना ते इथवर पोचले.

गोंडी भाषा-संस्कृतीचे अभ्यासक मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) आणि त्यांचे सोबती यांनी कचारगडची यात्रा नव्यानं उभी केली तीही ऐंशीच्याच दशकात. एकीकडे व्हिडिओच्या पडद्यावर रानातल्या गुहा भुतांच्या होत होत्या, तेव्हा मूठभर माणसं खऱ्या गुहेकडे जाणारी पायवाट पुन्हा मळवत होती. आज पौर्णिमेला ती वाट पहाटेपासून भरलेली असते. चढावर आया मुलींना कडेवर घेतात, गुहेच्या तोंडाशी आल्या की खाली उतरवतात आणि बोट धरून आत नेतात.