बिल आपण भरतोंच ना?

“पंखा बंद करून बाहेर जा, बिल येतें,” हें वाक्य मध्यमवर्गीय घरांतील मुलाच्या कानीं दिवसांतून दोन-चारदां तरी पडतेंच. आमच्या घरींही तें नित्य उच्चारलें जाई. एके दिवशीं आमच्या दहा वर्षांच्या चिरंजीवांनीं शांतपणें विचारलें, “बिल तर आपण भरतोंच ना, बाबा?” त्या वेळीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, आणि निरुत्तर झालेला बाप जें करतो तेंच आम्हीं केलें, त्याला दटावून अभ्यासास बसविलें.

परंतु तो प्रश्न मनांतून जाईना. वीज वांचविण्याचें कारण केवळ बिल असेल, तर ज्याला बिल भरण्याची ऐपत आहे त्याला ती उधळण्याचा अधिकारही आहे, असें आपण मुलाला नकळत शिकवितों. पुढें तो चार पैसे अधिक मिळवूं लागला कीं आपली शिकवण आपोआप रद्द होणार. हिशेब वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. कंदिलाची वात बारीक करणाऱ्या आमच्या आजीनेंही हिशेबच केला होता. पण तिच्या डोळ्यांदेखत बाटलींतलें रॉकेल उतरत असे. वस्तूच तिच्याशीं बोलत असे. विजेचें बटण मुकें आहे.

त्याला थोडी वाचा यावी म्हणून एका रविवारीं आम्ही मुलाला घेऊन बसलों. हजार वॅटचें उपकरण तासभर चाललें म्हणजे एक युनिट. न्हाणीघरांतला दोन हजार वॅटचा गिझर अर्ध्या तासांत तेवढें खातो. धट्टाकट्टा मनुष्य आठ तास राबला, तर त्याच्या श्रमाची शक्ति सुमारें पाऊणशें वॅट धरावी. म्हणजे दिवसाअखेर अर्ध्या युनिटाहून थोडें अधिक. आपल्या अर्ध्या तासाच्या ऊन पाण्यांत जवळजवळ दोन मजुरांचा पुरा दिवस जातो! मग ही वीज येते कोठून? महाराष्ट्रांत ती बहुतांशीं कोळसा जाळून होते. चंद्रपूरच्या केंद्राची राख आणि धूर तेथल्या लोकांच्या वांट्यास येतात, दिवा मात्र आपल्याकडे लागतो. कोयनेची वीज १९६२ पासून मिळूं लागली. त्या जलाशयासाठीं कित्येक गांवांनीं घरें आणि शेतें सोडलीं, आणि त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पुढें दशकेंच्या दशकें रेंगाळले. बिल आपण भरतों खरें, पण सगळी किंमत कांहीं त्यांत लिहिलेली नसते. ज्यांच्या नांवानें बिल निघत नाहीं अशांनीं तिचा मोठा भाग आधींच भरलेला असतो.

हें उत्तर मुलाला पटलें. आम्हांसही धन्य वाटलें.

पुढची हकीकत लिहितांना मात्र संकोच होतो. मुलगा घरभर पहारा करूं लागला, वहींत वांचलेल्या विजेचे आंकडे मांडूं लागला. मे महिन्यांतल्या एका दुपारीं आम्ही पाण्यासाठीं स्वयंपाकघरांत गेलों, तों स्वयंपाकाच्या बाई घामाघूम होऊन भाजी निवडीत बसलेल्या. पंखा बंद. “दादानं बंद केला, वीज वांचते म्हणाला,” एवढेंच त्या म्हणाल्या, तेंही हंसून. पंख्याला पाऊणशें वॅट लागतात. आमच्या खोलींत त्या घटकेस दीड हजार वॅटचा एसी चालूं होता. म्हणजे वीस पंखे. त्या खोलीचें बटण बंद करण्याची मुलाची छाती झाली नव्हती.

हा धडा त्याला कोणीं दिला? जेथें तक्रार होणार नाहीं तेथून काटकसरीस आरंभ करावा, ही रीत थोरांची आहे. २००५ नंतरचीं कांहीं वर्षें राज्यांतल्या खेड्यांत रोज कित्येक तास वीज जाई. मुंबई बहुतेक उजळलेलीच होती. घरांतही तोच न्याय चालतो. ज्याचा शब्द घरांत चालत नाहीं त्याच्या दिव्यापंख्यावर सर्वांचा डोळा. अशी बचत आम्हांस वसुलीसारखी वाटते, आणि ती वसूल करणारा कारकून आम्हीं घरींच तयार केला होता.

आम्हीं पंखा लावला, खोलींत येऊन एसी बंद केला, आणि मुलाला बोलाविलें. त्याच्यावर रागावण्यास आम्हांस तोंड नव्हतें. सारें ऐकून त्यानें वहींतला स्वयंपाकघराचा आंकडा खोडला, आणि जरा घुटमळून विचारलें, “तुमच्या खोलीचा मांडूं का?”

“मांड,” आम्ही म्हणालों. तीन वाजले होते, आणि खोली तापूं लागली होती.