रोपाबरोबर जाणारी माती

जून आला की मुंबईत चारकोपमधल्या रस्त्याकडेच्या रोपवाटिकांत काळ्या पिशव्यांच्या रांगा वाढतात. बहावा, करंज, कडुनिंब, सोनचाफा. आपण पानं न्याहाळतो, भाव करतो आणि रोप उचलतो. त्याच्या बुडाशी ओंजळभर तांबडी माती असते, तीही आपल्याबरोबर घरी येते. कुठल्या तरी जमिनीची ती वरची, कसदार साय असते.

शेतकरी भात कापतो तेव्हा मुळं शेतातच राहतात. पेंढा गुरांनी खाल्ला तरी शेणातून परत येतो. रोपवाटिकेत मात्र रोप हेच पीक, आणि ते जातं मुळासकट. वनखात्याच्या सागाच्या गादीवाफ्यांवर हे स्पष्ट दिसतं. वर्षाचं रोप उपटायचं, शेंडा आणि बारीक मुळं छाटायची, उरलेली अंगठ्याएवढी जाड जडी लागवडीला पाठवायची. वाफ्यात पुन्हा बी पडतं. कोवळ्या रोपात नत्र, स्फुरद, पालाश यांचं प्रमाण जून लाकडापेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि सागाला चुनाही भरपूर लागतो. जंगलातला साग दर वर्षी पानगळीतून बरंचसं परत करतो. वाफ्याला ती पानगळ मिळत नाही. मग काही हंगामांनी रोपं पिवळी, खुरटी निघू लागतात.

यावर उपाय जुनेच आहेत. ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याला येताच गाडावा, छाटलेला पाला वाफ्यातच कुजवावा, शेणखत द्यावं, वाफ्याला एखादा हंगाम विसावा द्यावा. नुसत्या युरियाने नत्र मिळतं, सेंद्रिय कर्ब मिळत नाही.

वनमहोत्सव 1950 पासून साजरा होतो आहे. 2019 मध्ये राज्याने 33 कोटी वृक्षलागवडीचं उद्दिष्ट ठेवलं होतं. रोपांचे आकडे जाहीर होतात. ती वाढवणाऱ्या मातीला काय परत दिलं, याचाही हिशेब तितक्याच ठळकपणे मांडला गेला पाहिजे.

चारकोपच्या खाडीकाठच्या तिवरांना भरती गाळ आणून देते. आपल्या सोसायटीतला पर्जन्यवृक्षाचा आणि गुलमोहराचा पाचोळा मात्र रोज सकाळी झाडून कचऱ्याच्या गाडीत जातो. या पावसाळ्यात रोप आणाल, तेव्हा आवाराच्या कोपऱ्यात पाचोळ्यासाठी एक खड्डाही करा. वर्षभराने त्यात खत तयार होईल. कुंड्यांना घालून उरलेलं खत, जिथून रोप घेतलं त्या रोपवाटिकेत नेऊन द्या.