माघार घ्यायला जागा

२००८ च्या डिसेंबरात स्टार प्लसवर किरण बेदींची ‘आप की कचहरी’ सुरू झाली, तेव्हा नाशिकमध्ये द्वारकेजवळच्या आमच्या इमारतीत ती जवळपास प्रत्येक मजल्यावर लागलेली असायची. जिना चढताना एका घरातून आरोप, दुसऱ्यातून हुंदका आणि तिसऱ्यातून बेदींचा दरडावणीचा सूर ओळीनं कानावर पडायचा. नवरा-बायकोचं भांडण असलं, की शेजारच्या काकू पहिल्या जाहिरातीआधीच निकाल देऊन मोकळ्या होत. “त्याच्या तोंडावरच दिसतंय गं!” बहुतेक वेळा त्यांचा आणि पडद्यावरचा निकाल जुळायचाही. आपल्याला जे वाटलं तेच शेवटी खरं निघालं, हे समाधान पुरवणं हीच त्या कार्यक्रमाची खरी कारागिरी असावी.

हा प्रकार आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेत ‘डिव्होर्स कोर्ट’ १९५७ साली सुरू झालं. आधी नट-नट्या भांडायच्या, पुढे खरी जोडपी येऊन बसली. तमिळमध्ये ‘सोल्वदेल्लाम उण्मै’ वर्षानुवर्षं चाललं. मराठी वाहिन्यांवर संसाराचा सर्वांत गाजलेला खेळ मात्र उलट्या टोकाचा. २००४ पासून सूत्रसंचालक आदेश बांदेकर दारात उभे राहायचे, वहिनी उखाणा घ्यायच्या, सासू डोळे पुसायची आणि जिंकणारीला पैठणी मिळायची. पैठणीचं येवला आमच्याच जिल्ह्यातलं, म्हणून इथे त्या खेळाचं कौतुक अंमळ जास्तच.

पैठणी मला नंतर भेटली ती स्त्रीधनाच्या यादीत. भाचीचा परस्परसंमतीनं घटस्फोटाचा अर्ज चालू होता आणि तिच्या सोबतीला मी कोर्टात जात असे. द्वारकेहून शेअर रिक्षा, सारडा सर्कल, शालिमार, सीबीएस. द्वारकेचा चौक ओलांडण्यातच अर्धा जीव जायचा. डोक्यावरून उड्डाणपूल गेला, तरी खालची कोंडी तशीच. त्या कोंडीत भाची मांडीवर फाइल ठेवून यादी पुन्हा पुन्हा तपासायची. मंगळसूत्राच्या वाट्या, पाटल्या, मिक्सर, कपाट, ‘पैठणी, जांभळी, १ नग’, आणि शेवटी घरगुती पिठाची गिरणी. गिरणी हप्त्यांवर घेतलेली. हप्ते दोघांनी भरलेले, पावती सासऱ्यांच्या नावावर. सगळं घोडं तिथे अडलं होतं.

टीव्हीवरच्या कचेरीत हे कधीच दिसत नाही. तिथे एक खलनायक असतो, एक पीडित असते आणि अर्ध्या तासात न्याय होतो. खऱ्या कोर्टातला वेळ जातो बाकावर. शिपाई पुकारा करतो, एक पक्ष हजर, दुसऱ्याचा वकील वरच्या कोर्टात. साहेब रजेवर. पुढची तारीख. कुणी कुणावर ओरडत नाही. दोन्हीकडच्या आया समोरासमोरच्या बाकांवर, एकमेकींकडे न बघता बसलेल्या असतात. भाचीच्या वकीलबाई सांगत होत्या, की काही अशील मोबाईलवर असल्या कार्यक्रमांच्या क्लिपा घेऊन येतात आणि विचारतात, “मॅडम, असं तडकाफडकी नाही का होणार?” मग पहिली भेट त्यांची समजूत काढण्यातच जाते.

गिरणीचा तिढा सुटला तो समुपदेशकांच्या खोलीत. आत ते दोघं आणि समुपदेशक बाई, एवढेच. कोर्टातलं मी लिहीत नाही. परतीच्या रिक्षात ऐकलं तेवढंच, तेही भाचीला विचारून, लिहिते. तो म्हणाला, “ने ती गिरणी. मला दळण कुठे येतं?” आणि भाचीला हसू फुटलं. तोही हसला म्हणे. मग बाकीची यादी पाच-दहा मिनिटांत मिटली. हेच वाक्य बाहेर, त्याच्या आईसमोर, तो बोलला असता का? तिनंही ते दान समजून फेटाळलं असतं. चारचौघांत माघार घेणं म्हणजे नाक कापून घेणं, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. घटस्फोटात तर दोघांनाही पावलोपावली माघार घ्यावी लागते, नाहीतर तो संपतच नाही.

कायद्यानं हे ओळखलेलं दिसतं. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात आधी समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी न्यायालयावरच टाकली आहे. हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ सुनावणी बंद दाराआड घ्यायला सांगतं. परवानगीशिवाय त्यातलं काही छापलं तर एक हजार रुपयांपर्यंत दंड. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं सांगितलं, की समेटाचे प्रयत्न चालू असेतो अशी प्रकरणं व्हिडिओवरून चालवू नयेत. पुढच्याच वर्षी थेट प्रक्षेपणाला तत्त्वतः मान्यता दिली, तेव्हाही वैवाहिक खटले वगळावेत, असंच ठरलं.

उघड्यावरचा न्याय म्हणजे काय, हे नाशिककरांना टीव्हीवरून कळायची गरज नव्हती. जातपंचायतीत नवरा-बायकोची फारकत जमावासमोर व्हायची, दंडही जमावासमोर सांगितला जायचा. २०१३ साली नाशिकमधूनच महाराष्ट्र अंनिसनं जातपंचायतींविरुद्ध मोहीम उभारली आणि पुढे २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आला. पंचायतीतली गर्दी आणि स्टुडिओतली गर्दी यांत मला फार अंतर दिसत नाही. स्टुडिओतल्या गर्दीला टाळ्या कधी वाजवायच्या ते सांगावं लागतं, इतकंच.

पण बंद दाराचं फार गुणगान गायला मन धजत नाही, कारण रखमाबाई आठवतात. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीवर दादाजी भिकाजींनी १८८४ साली मुंबईत दावा लावला, की बायकोनं नांदायला यावं. घराचं दार बंद असतं, तर तिला मुकाट्यानं जावं लागलं असतं. ती टोपणनावानं ‘टाइम्स ऑफ इंडिया’त लिहू लागली. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूनं कौल दिला. पुढे अपिलात तो फिरला आणि १८८७ मध्ये नांदायला जा किंवा सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. तिनं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. ‘केसरी’नं तिच्यावर टीकेची झोड उठवली. त्या काळात याहून मोठा प्रेक्षकवर्ग कुणाच्या संसाराला मिळाला नसेल! पण काय बोलायचं, केव्हा आणि कुठल्या नावानं, हे तिनं स्वतः ठरवलं होतं. आणि खटला मिटला तो न्यायालयाबाहेर, १८८८ साली, दोन हजार रुपयांच्या तडजोडीवर. पुढे रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या.

स्टुडिओत बसलेल्या बाईला यातलं काही ठरवता येत नाही. तिचा हुंदका जाहिरातीआधी दाखवायचा की नंतर, हे दुसराच कुणी ठरवतो. २०१८ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानं त्या तमिळ कार्यक्रमावर तात्पुरती बंदी आणली, तेव्हा मला बरं वाटलं होतं. वकीलबाईंना वाटलं नाही. त्या म्हणाल्या, “ताई, चौकीत तक्रार घेत नाहीत, माहेरचे दारात उभं करत नाहीत, वकिलाला द्यायला पैसे नाहीत. तिथे निदान येण्या-जाण्याचं भाडं तरी मिळत असेल. अशी बाई माझ्याकडे आली, तर मी तिला काय देते? तारीख.”

यावर मी म्हणाले, की ऐकून घेणं वेगळं आणि दाखवणं वेगळं; ऐकून घ्यायला कॅमेरा लागत नाही. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नव्हे. त्या दिवशी त्यांच्या बोर्डावर आणखी तीन प्रकरणं होती आणि समुपदेशक बाईंच्या खोलीबाहेर बसायला जागा नव्हती.