डोंगराचा हक्क

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेयो परगण्यात, क्लू उपसागराच्या काठी वेस्टपोर्ट हे छोटे शहर वसले आहे. अठराव्या शतकात आराखडा आखून त्याची रचना झाली, आणि लिंडन वृक्षांच्या रांगांमधून वाहणारी कॅरोबेग नदी, ब्राऊन घराण्याने उभारलेला वेस्टपोर्ट हाऊस हा वाडा, समुद्रकाठचा जुना धक्का व जवळची क्लेअर आणि अ‍ॅकिल ही बेटे यांमुळे आज ते पर्यटकांचे आवडते ठिकाण झाले आहे. शहराच्या पश्चिमेस सुमारे ८ किलोमीटरवर क्रो पॅट्रिक हा ७६४ मीटर उंचीचा, शंकूसारखा निमुळता डोंगर आहे. स्थानिक लोक त्याला नुसते ‘रीक’ म्हणतात. हा आयर्लंडमधील कॅथलिक भाविकांचा सर्वांत पवित्र डोंगर मानला जातो आणि त्याच वेळी गिर्यारोहण, सायकल सफर, नौकाविहार अशा पर्यटन-आकर्षणांच्या यादीतही त्याचे नाव झळकते. दरवर्षी लाखभर माणसे जो डोंगर चढतात आणि त्यांतील बहुतेकांच्या मनात कोणतेही व्रत नसते, तो डोंगर पवित्र कोणत्या अर्थाने उरतो, आणि यात्रेकरू व पर्यटक यांच्यातील भेद खरा आहे की केवळ सोयीचा, हा प्रश्न या एका स्थळाच्या आधाराने नीट तपासता येतो.

परंपरेनुसार इ. स. ४४१ मध्ये आयर्लंडचे पालकसंत पॅट्रिक यांनी या शिखरावर चाळीस दिवस उपवास केला. मात्र डोंगराची प्रतिष्ठा त्याहून जुनी आहे. पूर्वी त्याला ‘क्रुआखान एग्ले’ असे नाव होते, आणि जुलैच्या अखेरच्या रविवारी भरणारी आजची यात्रा ‘लूनासा’ या ख्रिस्तपूर्व सुगीच्या सणाच्या काळातच येते; त्या दिवसांत उंच जागी जमण्याची आयरिश लोकांची प्रथा होती, असे मॉयरे मॅकनील यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विस्ताराने दाखवले. डोंगरापासून काही अंतरावर बोहे येथे प्राचीन कोरीव खुणांनी भरलेला एक खडक आहे. दरवर्षी १८ एप्रिल आणि २४ ऑगस्टच्या सुमारास तेथून पाहिले असता मावळता सूर्य शिखराला टेकतो आणि डोंगराच्या उतारावरून गडगडत खाली गेल्यासारखा दिसतो. १९९० च्या दशकात शिखरावर झालेल्या उत्खननात तटबंदीचे अवशेष आणि ख्रिस्ती धर्माच्या आरंभकाळातील एका लहान दगडी प्रार्थनागृहाचा पाया सापडला. इ. स. १११३ मध्ये वीज कोसळून शिखरावर उपवासाला बसलेले तीस जण मृत्युमुखी पडल्याची नोंद आयरिश बखरींत आहे, आणि अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी सत्तेने कॅथलिक यात्रांवर कायद्याने बंदी घातल्यानंतरही येथील परंपरा टिकून राहिली. आज शिखरावर दिसणारे पांढरे प्रार्थनामंदिर १९०५ सालचे आहे. त्याचे बांधकामसाहित्य गाढवांच्या पाठीवरून वर नेण्यात आले.

यात्रेचा विधी बारकाईने पाहण्याजोगा आहे, कारण पुढील विवेचन त्यावरच अवलंबून आहे. मुरिस्क या पायथ्याच्या गावातून वाट सुरू होते आणि तिच्या आरंभी १९२८ मध्ये बसवलेला संत पॅट्रिकचा पुतळा आहे. वर तीन ‘स्टेशन’, म्हणजे ठरावीक प्रार्थना म्हणत प्रदक्षिणा घालण्याची तीन ठाणी, आहेत. पहिले ठाणे पॅट्रिकचा शिष्य बेनिग्नस याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दगडांच्या राशीचे. तिच्याभोवती सात प्रदक्षिणा घालताना प्रभूची प्रार्थना सात वेळा, ‘नमो मरिये’ सात वेळा आणि विश्वासांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचे सूत्ररूप निवेदन, एकदा म्हणायचे असते. दुसरे ठाणे शिखराचे. तेथे मंदिराभोवती पंधरा आणि ‘पॅट्रिकची शय्या’ म्हटल्या जाणाऱ्या जागेभोवती सात प्रदक्षिणा होतात. तिसरे ठाणे पश्चिमेच्या उतारावर असून तेथील तीन दगडी राशींपैकी प्रत्येकीभोवती सात-सात फेऱ्या घालायच्या असतात. शिखराखालचा शेवटचा टप्पा सुट्या, धारदार दगडांच्या घसाऱ्याचा आहे. तेथे पाऊल टाकले की दगड सरकतो, आणि जितके वर जावे तितके मागे घसरल्यासारखे वाटते. आजही काही भाविक ही सारी वाट अनवाणी चढतात, आणि उतरताना त्यांच्या तळव्यांना रक्ताचे ओघळ आलेले असतात.

या स्थळाविषयीचा सर्वांत जुना तात्त्विक आक्षेप ख्रिस्ती परंपरेच्या आतूनच आलेला आहे. चौथ्या शतकातील धर्माचार्य न्यिसाचा ग्रेगरी याने जेरुसलेमच्या यात्रेविषयी लिहिताना असे प्रतिपादन केले, की स्थान बदलल्याने मनुष्य ईश्वराच्या अधिक जवळ जात नाही, कारण अंतःकरण मलिन असेल तर पवित्र भूमीवरही ते मलिनच राहते. मराठी संतवाङ्मयाशी परिचय असलेल्या वाचकाला हा युक्तिवाद परका वाटणार नाही. तो मान्य केला, तर पावित्र्य सर्वस्वी यात्रेकरूच्या अंतःकरणात जाऊन बसते आणि डोंगर हे केवळ निमित्त उरते. मग श्रद्धेने चढणारा यात्रेकरू आणि हौसेने चढणारा पर्यटक, अशी विभागणी करणे सोपे होते. परंतु ही सोपी विभागणी प्रत्यक्षात टिकत नाही. मृत आईच्या स्मरणार्थ चढणारा अश्रद्ध मुलगा कोणत्या रांगेत उभा करायचा? निव्वळ व्यायामासाठी निघालेल्या आणि शिखरावर पोहोचल्यावर नकळत इतरांबरोबर मंदिराभोवती फिरू लागलेल्या स्त्रीचे काय? जुलै २०१५ मध्ये वादळी हवामानामुळे शिखरावरील मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, धर्मसत्तेनेच रद्द केल्या आणि लोकांना न चढण्याचे आवाहन केले. तरीही शेकडो लोक चढले. त्यांच्या चढण्याला भक्ती म्हणावे की साहस, याचा निवाडा बाहेरून करणे शक्य नाही, आणि बहुधा त्यांच्यापैकी अनेकांना स्वतःलाही तो करता आला नसता.

मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर आणि ईडिथ टर्नर यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ख्रिस्ती यात्रांवरील ग्रंथात वेगळा निकष सुचवला. यात्रेत माणूस आपले रोजचे पद, व्यवसाय आणि दर्जा मागे ठेवतो आणि त्यामुळे सहयात्रिकांमध्ये एक विलक्षण समभाव निर्माण होतो; या समभावाला त्यांनी ‘कम्युनिटास’ ही संज्ञा दिली. क्रो पॅट्रिकवर त्याचा प्रत्यय जरूर येतो, कारण घसाऱ्यावर अनोळखी माणसे एकमेकांना हात देतात आणि उतरणारे लोक चढणाऱ्यांना धीर देतात. येथे महाराष्ट्राचा एक खरा धागा जुळतो. यात्रांविषयीची आपली उपपत्ती घडवताना व्हिक्टर टर्नर यांनी पंढरपूरच्या वारीवरील इरावती कर्वे यांच्या लेखनाचा उपयोग केला होता, आणि त्या लेखनातच या उपपत्तीला छेद देणारे निरीक्षण आहे: एकाच विठ्ठलाचे नाव घेत चालणाऱ्या दिंड्या जातवार वेगळ्या चालतात आणि वेगळ्या जेवतात, याची कर्वे यांना तीव्र व्यथा वाटली. म्हणजे समभाव हा यात्रेचा अपरिहार्य गुण नाही. तो असतो, नसतो, आणि पर्यटकांच्या जथ्यातही तो कधी कधी उत्कटपणे प्रकट होतो. कष्टाच्या निकषाचेही तेच. घाम गाळणे हेच यात्रेचे लक्षण मानले, तर डोंगरावर धावण्याची शर्यत जिंकणारा सर्वांत मोठा यात्रेकरू ठरेल.

श्रद्धा, समभाव आणि कष्ट हे तिन्ही निकष अपुरे पडतात, याचे कारण ते तिन्ही फक्त माणसाकडे पाहतात. स्थळ आणि माणूस यांच्यातील नात्याची दिशा पाहिली, तर भेद अधिक स्पष्ट होतो. काही वेळा माणूस स्थळाकडे काही मागण्यासाठी जातो: विश्रांती, दृश्य, आनंद, छायाचित्र, स्वतःच्या क्षमतेची परीक्षा. काही वेळा मात्र आपल्याकडे काही मागण्याचा हक्क या स्थळाला आहे, हे तो मान्य करतो आणि त्या मागणीपुढे स्वतःची सोय बाजूला ठेवतो. सात म्हणजे सातच प्रदक्षिणा, त्याही ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या शब्दांसह, या नियमात भाविकाच्या आवडीला जागा नाही, आणि विधीचे मर्म तेथेच आहे. स्थळाचा असा हक्क जेथे मान्य होतो तेथे यात्रा घडते, मग मान्य करणाऱ्याच्या मनात ईश्वराविषयी कोणताही निश्चित सिद्धांत असो वा नसो. पहिल्या प्रकारच्या भेटीत काही गैर नाही. विश्रांती ही मानवी गरज आहे आणि ती भागवणारे शहर उपकारकच असते. प्रश्न एवढाच, की स्थळाचा हक्क अगदीच ऐकू येईनासा व्हावा का.

हा प्रश्न वेस्टपोर्टच्या परिसरात डोंगराबाहेरही उभा राहतो. शहरापासून अ‍ॅकिलपर्यंत जाणारा सुमारे ४२ किलोमीटरचा ‘ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे’ हा सायकलमार्ग, १९३७ मध्ये बंद झालेल्या रेल्वेच्या जागेवर तयार केलेला आहे. मोटारगाड्यांचा त्रास नाही, एका बाजूला उपसागर, दुसऱ्या बाजूला डोंगर; लहान मुलांनाही झेपेल असा हा रस्ता आहे. परंतु जून १८९४ मध्ये स्कॉटलंडला शेतमजुरीसाठी निघालेल्या अ‍ॅकिलच्या तरुण मुलामुलींची होडी वेस्टपोर्टच्या धक्क्याजवळ उलटून बत्तीस जण बुडाले, आणि त्यांचे मृतदेह याच रेल्वेमार्गाने, तो रीतसर खुला होण्यापूर्वी, खास गाडीने परत नेण्यात आले. सप्टेंबर १९३७ मध्ये स्कॉटलंडमधील कर्किंटिलॉक येथे मजुरांच्या निवाऱ्याला आग लागून अ‍ॅकिलचे दहा तरुण दगावले; त्यांच्या शवपेट्या आल्या तेव्हा ही रेल्वे बंद होण्याच्या बेतात होती. या मार्गावर पहिली आणि शेवटची गाडी मृतांची असेल, असे भविष्य एका जुन्या द्रष्ट्याने वर्तवले होते, अशी लोकश्रुती आहे. भविष्य खरे मानण्याचे कारण नाही. पण ज्या भूमीने आपली मुले परदेशी मजुरीला पाठवली आणि शवपेट्यांतून परत घेतली, त्या भूमीवरून सायकल चालवणाऱ्याला निदान ते ठाऊक असावे, ही अपेक्षा रास्त आहे.

मुरिस्क येथे, डोंगराच्या वाटेसमोर, रस्त्याच्या पलीकडे आयर्लंडचे राष्ट्रीय दुष्काळ स्मारक आहे. शिल्पकार जॉन बेहान यांनी घडवलेले आणि १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांच्या हस्ते अनावरण झालेले हे कांस्य जहाज दुरून साधे शिडाचे जहाज दिसते. जवळ गेल्यावर त्याच्या दोरखंडांच्या जागी मानवी सांगाडे गुंफलेले आहेत, हे ध्यानात येते. बटाट्याच्या पिकावरील रोगाने १८४५ पासून ओढवलेल्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळपास तितकीच देशाबाहेर गेली. त्यांतील अनेकांनी ज्या जहाजांतून प्रवास केला, त्यांना पुढे ‘शवपेटी-जहाजे’ म्हटले गेले. आणखी दक्षिणेला, लुइसबर्गपासून डूलॉ दरीतून जाणाऱ्या रस्त्यावर, मार्च १८४९ मध्ये उपाशी माणसांना मदतीस पात्र आहोत हे सिद्ध करण्यासाठी सुमारे १९ किलोमीटरवरील डेल्फी लॉजपर्यंत चालायला लावण्यात आले आणि त्या वाटेवर अनेकांनी प्राण सोडले. तेथील साध्या दगडी क्रुसावर महात्मा गांधींचे एक वचन कोरलेले आहे. दुसऱ्या माणसाच्या मानहानीत स्वतःचा मान कसा मानता येतो, असा त्याचा आशय. या वाटेने दरवर्षी स्मरणयात्रा निघते आणि १९९१ मध्ये आर्चबिशप डेस्मंड टुटू तीत चालले होते. तेथे कोणी देवदूत उतरल्याची कथा नाही, प्रदक्षिणा नाही, पापक्षालनाचे आश्वासन नाही. तरीही तिला यात्रा म्हणणे भाग आहे, कारण मेलेल्यांचा जिवंतांवर हक्क आहे हे चालणारे मान्य करतात.

यावर असा प्रतिवाद होऊ शकतो, की अशाने धर्म नीतीत विरघळून जातो आणि ईश्वराचे स्थान इतिहासाला मिळते. प्रतिवाद गंभीर आहे. श्रद्धाळू कॅथलिकाच्या दृष्टीने डोंगरावरचा हक्क अखेर ईश्वराचा असतो आणि प्रायश्चित्त त्याच्यापुढेच करायचे असते. स्मरण आणि प्रायश्चित्त एकच नव्हेत. पण श्रद्धाळू आणि अश्रद्ध या दोघांनाही एका गोष्टीवर एकत्र येता येते: हा डोंगर कोणाच्या मालकीची वस्तू नाही. १९८० च्या दशकात येथे सोन्याचा साठा आढळला, तेव्हा खाणीला विरोध करणाऱ्यांत दोन्ही प्रकारचे लोक होते आणि खाण होऊ शकली नाही. आता संकट निराळे आहे. लाखो पावलांनी वाट झिजून मातीला खोल चर पडले, आणि अलीकडच्या वर्षांत कारागिरांनी डोंगरावरचेच दगड हातांनी बसवून ती सावरली. हे काम पाहता असे म्हणावे लागते, की ज्यांनी ते दगड रचले त्यांनी प्रदक्षिणा घातल्या असोत वा नसोत, डोंगराचा हक्क त्यांनी मानलाच. डोंगर भाविकांपुरता राखून ठेवण्याची मागणी म्हणूनच चुकीची आहे. त्याची वाट इतकी सुलभ करणे, की चढणाऱ्याकडून काहीच मागितले जाऊ नये, हेही तितकेच चुकीचे.

वेस्टपोर्टला जाणाऱ्या वाचकाने जुलैचा शेवटचा रविवार साधता आला तर जरूर साधावा, बळकट बूट आणि काठी घ्यावी, आणि खाली उतरल्यावर लगेच वाहनात न बसता रस्ता ओलांडून त्या कांस्य जहाजापाशी थोडा वेळ उभे राहावे.