सार्वजनिक संस्थेचें मोजमाप

‘सार्वजनिक’ हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. दहा घरांनीं वर्गणी गोळा केली कीं संस्था सार्वजनिक होते, आणि पाटी एकदां लागली कीं ती खरी आहे कीं नाहीं, हें पाहण्याची गरज कोणास वाटत नाहीं. १८७० सालीं पुण्यांत सार्वजनिक सभा निघाली, तेव्हां तिच्या सभासदास निदान पन्नास माणसांचें मुखत्यारपत्र आणावें लागे. त्या माणसांत समाजाचे सगळे थर होते असें कोणी म्हणणार नाहीं. तरी आपण कोणाच्या नांवानें बोलतों हें दाखविण्याची जबाबदारी सभेनें स्वतःवर घेतली होती. आज संस्थेस निराळाच प्रश्न विचारला जातो : तुमचें काम किती चांगलें? प्रश्न रास्त आहे. परंतु चांगलें कोणासाठीं, हें त्यांत मुकाट्यानें गृहीत धरलेलें असतें, आणि आमच्या मतें सारा घोटाळा तेथेंच आहे.

वाचनालयांचेंच उदाहरण घेऊं. महाराष्ट्रांत १९६७ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, आणि त्याखालीं मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडले जातात. ग्रंथ किती, नियतकालिकें किती, दार किती तास उघडें असतें, सेवक किती, अशा गोष्टी पाहून वर्ग ठरतो व त्याप्रमाणें अनुदान मिळतें. या गोष्टी पाहूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. पुस्तकांवांचून वाचनालय कसलें? पण हें सगळें भिंतीच्या आंत उभें राहून केलेलें मोजमाप आहे. जो आंत आला त्याची सही वहींत सांपडते. जो दारावरून परत फिरला, किंवा ज्यास दारापर्यंत येण्याचें धाडसच झालें नाहीं, त्याची नोंद कोणत्या रकान्यांत करावयाची?

एका वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आम्ही कांहीं वर्षें होतों. वाचनाची खोली वरच्या मजल्यावर, जिना अरुंद व उभा. तळमजल्याची खोली एका व्यापाऱ्यास वखारीसाठीं भाड्यानें दिलेली. वर्तमानपत्रें तरी खालीं आणावीं, म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि पायानें अधू असलेल्यांना वाचतां येतील, अशी सूचना आली. चिटणीस सज्जन गृहस्थ होते. त्यांनीं हजेरीची वही पुढें ठेविली आणि म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, आपणच पाहा. असे वाचक आपल्याकडे येतात कुठें?” उत्तर वरवर बिनतोड होतें, आणि सूचना त्याच बैठकींत बारगळली. जिन्यामुळें जे आले नाहींत, त्यांचें न येणें हेंच जिना ठेवण्याचें कारण ठरलें!

या युक्तिवादाचा इतिहास फार गंभीर आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कायदेमंडळानें रावबहादूर बोले यांचा ठराव संमत केला : सरकारी वा सार्वजनिक पैशानें बांधलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुले असावे. महाड नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें खुलें केल्याचा ठरावहि केला. कागदावर पाहणाऱ्या तपासनीसानें त्या दिवशीं महाडला पूर्ण गुण दिले असते. प्रत्यक्षांत त्या पाण्यास त्यांचा हात लागावयास २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला, डॉ. आंबेडकरांच्या मागून हजारों माणसें तळ्यावर गेलीं, तीं मार खाऊन परतलीं, आणि मागाहून तळ्याचें ‘शुद्धीकरण’ झालें. त्यानंतर कांहीं स्पृश्य रहिवासी कोर्टांत गेले. त्यांचें म्हणणें काय होतें? अस्पृश्यांनीं हें पाणी पूर्वापार कधीं घेतलेलें नाहीं, सबब तसा रिवाजच आहे. म्हणजे ज्यांना पिढ्यानुपिढ्या येऊं दिलें नाहीं, त्यांचें न येणें हाच आपला हक्क! असा अनादि रिवाज सिद्ध झालेला नाहीं, असा निकाल मुंबई हायकोर्टानें १९३७ च्या मार्चमध्यें दिला. दहा वर्षें गेलीं. आमच्या चिटणिसांच्या मनांत दुष्टावा नव्हता, हें आम्ही शपथेवर सांगूं. परंतु वही पुढें करण्याची तऱ्हा तीच.

शिवाय कोणी कोणास अडवीत नाहीं अशीहि वगळणूक असते. साखरेच्या हंगामांत बीडसारख्या जिल्ह्यांतून कुटुंबेंच्या कुटुंबें ऊस तोडावयास घाटाखालीं व पश्चिमेकडे जातात. मूल गांवच्या अंगणवाडीच्या पटावरून गैरहजर होतें, आणि जेथें जातें तेथील पटावर पुष्कळदां चढतच नाहीं. दोन्ही अंगणवाड्यांचें काम चोख असूं शकेल. तें मूल मात्र दोहोंच्या मधल्या वाटेवर उपाशी असतें.

आतां आक्षेपाकडे वळूं, कारण तो आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या मनांत असेल. सर्वांना दार उघडलें कीं दर्जा उतरतो, असें म्हणतात. यांत एक अंश खरा आहे. शाळेंत चाळीसांच्या जागीं ऐशीं मुलें बसविलीं आणि शिक्षक एकच ठेविला, तर शिकवणें बिघडेल. तो दोष मात्र नव्या मुलांचा नसून हात आखडणाऱ्यांचा आहे. परंतु दर्जा म्हणतांना पुष्कळांच्या मनांत असते ती सोबत. शेजारीं कोण बसतो यावरून संस्थेची प्रतिष्ठा ठरविणें आणि तिचें काम जोखणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था लावून घेतली. राजधानींत मोठें मध्यवर्ती ग्रंथालय झालें, आणि त्याच खात्यानें पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडीं धाडल्या. खेड्याकडे पेटी गेली म्हणून राजधानींतील ग्रंथालय हलकें झालें नाहीं.

एक अडचण मात्र आम्हांस अद्याप सुटलेली नाहीं. शेवटच्या माणसापर्यंत पोंचण्याचा खर्च पहिल्या शंभरांच्या खर्चाहून अधिक येऊं शकतो. अंध वाचकासाठीं ब्रेलमधील एका ग्रंथाचे जाडजूड खंड घ्यावे, कीं त्याच पैशांत पन्नास नवीं पुस्तकें? पन्नास वाचक एका बाजूस उभे राहिले म्हणजे भल्याभल्यांचें मन डळमळतें. आम्हांस एवढेंच दिसतें कीं त्या पन्नासांस दुसरीकडे पुस्तक मिळण्याच्या वाटा आहेत, आणि त्या एकास बहुधा नाहीं. म्हणून आमचें मत खंडांच्या बाजूनें पडेल. यावर मतभेद होईल, आणि तो मंडळाच्या बैठकींत उघडपणें व्हावा. त्यापूर्वीं तपासनीसानें एक दिवस वही मिटून ठेवावी, बाजारांत, वस्तीवर, एस्टीच्या थांब्यावर हिंडावें, आणि भेटेल त्यास विचारावें : गांवांत वाचनालय आहे, तुम्हीं तें आंतून कधीं पाहिलें आहे काय?