जठरातील वैश्वानर आणि औषधाची गोळी

ईश्वर प्राण्यांच्या देहात वैश्वानर, म्हणजे अन्न पचविणारा अग्नी, होऊन राहतो असे भगवद्गीतेच्या पंधराव्या अध्यायात सांगितले आहे, आणि भोजनाला यज्ञकर्म मानणारी मराठी घरांतील परंपरा याच विचाराला धरून आहे. मग पहाटेची लोकल गाठण्यासाठी उपाशीपोटी निघणारा, कर्जत तालुक्यातील शेलूचा आस्तिक प्रवासी आम्लपित्तावर गोळी घेतो तेव्हा तो देवाचाच अग्नी विझवतो काय, हा प्रश्न गंभीरपणे घेण्याजोगा आहे.

साधी आम्लनाशके तयार झालेल्या आम्लाचा प्रभाव मारतात. ओमेप्राझोलसारखी औषधे मात्र जठराच्या पेशींतील ‘प्रोटॉन पंप’, म्हणजे आम्ल बाहेर सोडणारे प्रथिन, बंद पाडतात. ही औषधे मुळात निष्क्रिय असतात, रक्तावाटे त्या पेशींपर्यंत पोहोचतात आणि तेथील आम्लामुळेच क्रियाशील होतात. जेवताना पंप कार्यरत होत असल्याने ती जेवणाआधी घ्यायची असतात. अग्नीच्याच साहाय्याने अग्नी आवरणारी ही योजना खरोखर विलक्षण आहे. शिवाय पेशी नवे पंप घडवीत राहतात, त्यामुळे अग्नी विझत नाही, केवळ मंदावतो. आणि यज्ञातही तो वेदीच्या मर्यादेतच राखला जातो.

व्रण, म्हणजे अल्सर, होण्यात तर मूळ दोष बहुधा अग्नीचा नसतो: बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी १९८२ मध्ये प्रयोगशाळेत वाढविलेला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू, किंवा वेदनाशामक गोळ्या, जठराचे संरक्षक अस्तर दुबळे करतात. जीवाणू आढळल्यास आम्लरोधकासह प्रतिजैविके द्यावी लागतात, आणि तेवढ्या काळापुरते उपवासाचे व्रत स्थगित ठेवण्यात कोणताही अधर्म नाही.